घर ‘नैसर्गिक’ केलं, तरी सासूबाईंची साखर का वाढली?

पनवेलच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आठ महिन्यांपूर्वी दिरांच्या आग्रहावरून त्यांनी घरातलं सगळं ‘नैसर्गिक’ केलं. साखर जाऊन गूळ आला, साधं मीठ जाऊन सैंधव आलं. तेल लाकडी घाण्याचं, भाजी सेंद्रिय, दूध देशी गाईचं आणि तेही न तापवता. रोज सकाळी सगळ्यांना दुधीचा रस. नऊ महिन्यांच्या बाळाला मधाचं बोट चाटवतात. सासूबाईंच्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या ‘कृत्रिम’ म्हणून बंद केल्या. महिन्याला सहा-सात हजार जास्त जातात. आणि आता मधुमेह असलेल्या सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.६ वरून ८.९ वर गेली आहे. त्या विचारतात, “नैसर्गिक खाणं खरंच जास्त चांगलं असतं का, की आमचंच काहीतरी चुकतंय?”

मी कराडला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, यंदा २२ वर्षं झाली. सविस्तर सांगते, पण ताई, दोन गोष्टी आधी, कारण त्या उद्यावर टाकायच्या नाहीत.

पहिली, बाळाला मध आजपासून बंद. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथे विष तयार करतात. मग शी होईनाशी होते, चोखण्याचा जोर कमी होतो, रडणं क्षीण होतं, मान आणि हातपाय लुळे पडायला लागतात. मध शुद्ध आहे की भेसळीचा याचा इथे संबंध नाही. डोंगरातल्या पोळ्यातून स्वतः काढून आणलेल्या मधातही हे बीजाणू असू शकतात, आणि मध गरम करूनही ते मरत नाहीत. आजवर काही झालं नाही तर घाबरून जाऊ नका, पण यातलं एकही लक्षण दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना “मध दिला होता” हे सांगा. पहिला वाढदिवस होईपर्यंत घुटीतसुद्धा मध नको.

दुसरी, दूध तापवून, एक चांगली उकळी आणूनच प्या. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला जिवाणूमुळे येणारा जनावरांकडचा तापाचा आजार, होतो, गाईचा क्षय माणसात येतो. माझ्याकडे एकदा वजन वाढत नाही म्हणून एका तरुण शेतकऱ्याला पाठवलं होतं. तीन महिने ताप येऊन-जाऊन, रात्री घाम, कंबर धरलेली. जेवणाबद्दल विचारता विचारता कळलं की तो रोज गोठ्यातच धारोष्ण दूध पितो. तपासणीत ब्रुसेला निघाला. गाई घरच्या, देशी, स्वच्छ ठेवलेल्या. तापवल्याने दुधातलं थोडं जीवनसत्त्व जातं हे खरं आहे, पण प्रथिनं आणि कॅल्शियम जागच्या जागी राहतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंय ‘नैसर्गिक चांगलं का’, पण तुमच्या यादीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या आहेत. काही बदल खरोखर उपयोगाचे आहेत, काहींनी शरीराला काडीचाही फरक पडत नाही, फक्त खिशाला पडतो, आणि काही धोक्याचे आहेत. तिन्हींवर चिठ्ठी एकच लागलीय, ‘नैसर्गिक’. तो शब्द पदार्थ कुठून आला एवढंच सांगतो. तो पोटात गेल्यावर काय करतो, किती खाल्ला, कोणी खाल्ला, याबद्दल त्या शब्दात काहीच नाही.

गुळाचं उदाहरण घेते, कारण सासूबाईंचं उत्तर बहुधा तिथेच आहे. माझ्या टेबलावर एक छोटा वजनकाटा असतो. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, त्यांचीही तीच तक्रार, साखर सोडली तरी रिपोर्ट वाढला. मी त्यांना म्हटलं, घरी चहात जेवढा गूळ घालता तेवढा इथे काढून दाखवा. त्यांनी डब्यातून दोन खडे काढले, जरा थांबून अजून एक लहान तुकडा ठेवला, कारण “गुळाला गोडी कमी असते”. काटा १८ ग्रॅमवर थांबला. पूर्वी त्या दोन चमचे साखर घालायच्या, म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसाचे चार चहा. पूर्वी ४० ग्रॅम साखर पोटात जायची, आता ७२ ग्रॅम गूळ जात होता, शिवाय “गूळच आहे” म्हणून संध्याकाळी एक चिक्की. त्या काट्याकडे बघतच राहिल्या. मनापासून पथ्य पाळणारी बाई, तिला कोणी हे मोजून दाखवलंच नव्हतं.

गूळ म्हणजे उसाचाच रस आटवलेला. त्यात बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच असते, आणि रक्तातली साखर तो जवळपास तशीच वाढवतो. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर गुळात ३८० च्या आसपास. “पण गुळात लोह असतं” हे मी रोज ऐकते. असतं, पण किती ते बघा. २० ग्रॅम गुळातून फार तर एक मिलिग्रॅम मिळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम ठेवली आहे. गुळावर लोह भरून काढायचं म्हटलं तर अर्ध्या किलोहून जास्त खावा लागेल. त्यापेक्षा पोह्यांवर लिंबू पिळा, पालेभाजीच्या जेवणासोबत पेरू किंवा आवळा खा, आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं आणि चहाने अडतं. यात एक रुपयाही जास्त जात नाही.

आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत म्हणून आणखी एक सांगते. चांगल्या गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत असताना रानभेंडीचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते आणि ती काढून टाकतात. असा गूळ तांबूस-तपकिरी होतो. पण गिऱ्हाईक मागतं पिवळाधमक, त्यामुळे काही ठिकाणी रंग उजळायला ‘हायड्रॉस’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात. तेव्हा गूळ घ्यायचाच तर काळपट घ्या, सणाच्या पोळीला घ्या, आवडीने खा. मधुमेहाच्या हिशेबात मात्र तो साखरेच्याच खान्यात लिहा. मध, काकवी, खजुराचं सिरप, सगळं त्याच खान्यात.

सैंधवाबद्दल. सैंधव काय आणि समुद्राचं मीठ काय, दोन्ही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. गुलाबी रंग देणारी खनिजं इतकी अल्प असतात की चिमटीभर मिठातून काही हाती लागत नाही, आणि रक्तदाबाला दोन्ही सारखीच. फरक आयोडीनचा आहे. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आयोडीन घातलेलं मीठ देऊन पाहिलं. काही वर्षांत तिथलं गलगंडाचं प्रमाण स्पष्ट खाली आलं. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमामागे त्याच कामाचं बळ होतं. आयोडीन कमी पडलं तर गर्भातल्या आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. कांगड्याचे लोक खात होते ते सगळं नैसर्गिकच होतं, फक्त डोंगरउताराच्या जमिनीतून आयोडीन वाहून गेलेलं होतं. तुमच्या घरात अंगावर पिणारं बाळ आहे, म्हणून ताई, तुम्हाला आयोडीनयुक्त मीठच हवं. उपासाला सैंधव वापरा, हरकत नाही. कोणतंही मीठ असो, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं-पापडातलंही मोजायचं.

घाण्याच्या तेलाला मी विरोध करत नाही. वास चांगला, चव चांगली, ई जीवनसत्त्व थोडं जास्त राहतं. पण चरबी तीच आणि कॅलरीही त्याच. एक गोष्ट मात्र घाणेवाल्याला विचारायची, शेंगदाणे कसे होते? ओलसर साठवलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला मारक विष तयार करते. रिफाइन करताना ते बरंचसं निघून जातं, घाण्याच्या तेलात राहू शकतं. हे विष किती वाईट याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन गेली. म्हणून जमलं तर दाणे स्वतः निवडून, सुरकुतलेले, काळे, कडवट काढून टाकून घाण्यावर द्या. तेलाचा खरा प्रश्न किती, हा आहे. माझ्या पेशंटना मी माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर असा हिशेब देते. चार मोठ्या माणसांच्या घरात सहा लिटर संपत असेल, तर ते कुठल्या घाण्याचं आहे याने काही सुधारत नाही.

दुधीचा रस. इथे मी थोडी कडक बोलते. दुधी भाजी म्हणून उत्तम, पण त्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष असतं आणि एखाद्या फळात ते भरपूर उतरतं. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याची आणि माणसं दगावल्याची उदाहरणं आपल्या देशात झाली आहेत. २०११ च्या सुमारास वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने यावर सूचना काढल्या. दुधीचा तुकडा आधी चाखायचा, जराही कडू लागला तर पूर्ण फळ टाकायचं, रसात दुसरे रस मिसळायचे नाहीत कारण कडूपणा झाकला जातो, आणि पिऊन मळमळलं की थेट रुग्णालय गाठायचं. वयस्कर माणसं “औषध कडूच असतं” म्हणून डोळे मिटून पिऊन टाकतात, ही मला सगळ्यात मोठी भीती. दुधी शिजवून खा, रसाचं नाव काढू नका.

हे वाचून वाटेल की ही बाई निसर्गाच्या विरोधात आहे. तसं नाही. वनस्पती काही आपल्या जेवणासाठी उगवत नाहीत, किडीपासून वाचायला त्या स्वतःत कडू, खाजरं, विषारी असं काही ना काही साठवतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. अळूच्या फदफद्यात चिंच का? सुरण आमसुलाच्या पाण्यात का उकडायचा? त्यातल्या ऑक्झलेटने घसा खवखवतो म्हणून. कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग बिरडं. राजमा रात्रभर भिजवून नीट उकळायचा, कच्चट राहिला तर उलट्या ठरलेल्या. नाचणीला मोड आणून सत्त्व काढायचं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम, जे १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, अंगी लागतं. आपलं पारंपरिक खाणं म्हणजे निसर्गावर केलेली शेकडो वर्षांची मेहनत आहे. ती मेहनत गाळली की काय होतं ते विदर्भाने पाहिलं आहे. लाखोळी डाळ दुष्काळात तग धरणारी, स्वस्त, पूर्ण नैसर्गिक. थोडी खाल्ली तर फारसं काही होत नाही, पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय कायमचे लुळे पडतात. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली गेली.

मोडाच्या बाबतीतही तेच. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, ५० च्या वर माणसं गेली. शोध घेतला तर मूळ निघालं सेंद्रिय शेतावर वाढवलेल्या मोडांत, आणि संशय गेला मेथीच्या बियांवर. ऊब आणि ओल मोडालाही लागते आणि जंतूंनाही. घरी गरोदर बाई, म्हातारं माणूस, लहान मूल असेल तर मटकी-मुगाला एक वाफ द्याच.

मग ‘नैसर्गिक’वाल्यांचं खरं काय? आहे, आणि ते मोठं आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर संस्थेत ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ आणि चोथा सारखाच राहील असं बघितलं, आणि हवं तेवढं खा म्हटलं. कारखान्याच्या जेवणावर लोकांनी रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले. लोक ते खाणं भरभर खात होते. मला यात आश्चर्य वाटलं नाही. भाकरी चावायला वेळ लागतो, पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचते. चहात बुडवलेली बिस्किटं आठ कधी झाली ते कळतही नाही.

आणि प्रयोगशाळेतून आलेलं सगळं सुधारलेलंच असतं असंही नाही. वनस्पती तूप वर्षानुवर्षं आपल्या गळी उतरवलं गेलं. त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाचं नुकसान होतं हे कळूनही तेलातुपातली मर्यादा २ टक्क्यांवर यायला जानेवारी २०२२ उजाडला. त्या काळात जी आजी “मला घरचंच तूप दे, थोडं दे” म्हणत राहिली, ती बरोबर होती.

सेंद्रिय भाजीबद्दल. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. पोषणमूल्यात ठळक फरक सापडला नाही, फवारणीचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी आढळले. परवडत असेल तर घ्या. नसेल परवडत तर साधी, मोसमातली भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि दुप्पट खा. ‘सेंद्रिय महाग म्हणून भाजीच कमी’ अशी घरं मी पाहिली आहेत, तिथे तोटा नक्की आहे. माझं मन सेंद्रियाकडे ओढतं ते दुसऱ्याच कारणाने. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्या ताटात औषधाचा अंश येतो, पण त्यांच्या अंगावर आणि श्वासात पंपभर येतं. कमी फवारणीची शेती वाढावी असं मला त्यांच्यासाठी वाटतं.

सासूबाईंच्या गोळ्यांचं राहिलं. त्या शाकाहारी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर त्यानेही बी-१२ कमी होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांमध्ये बी-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे अनेक वर्षं अभ्यासून दाखवलं. ताजी भाजी, घरचं दळण, स्वच्छ हवा, तरीही कमतरता. भाजी-धान्यात बी-१२ नसतंच, थोडंफार मिळतं ते दूध-दह्यातून. पायाला मुंग्या येतात का, तळवे जळजळतात का, विचारा. डॉक्टरांना सांगून रक्त तपासा आणि गोळी पुन्हा सुरू करा. इथे गोळीच उपयोगाची.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात, म्हणून दुसऱ्या कुणाचा तक्ता जसाच्या तसा उचलू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला नारळपाणी आणि फळांचे रस घातक ठरू शकतात, कारण पोटॅशियम. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवायची नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्याला जो भाकरी-ठेचा-गूळ मानवतो, तो खुर्चीत बसणाऱ्याला त्याच मापात मानवणार नाही. “पूर्वीचे लोक हेच खाऊन धडधाकट होते” असं म्हणताना एवढं आठवा की १९५१ च्या सुमारास आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, पण गलगंड, क्षय, हगवण हेही त्याच ‘शुद्ध’ काळात होतं.

तुमच्या घरी मी असते तर काय केलं असतं? बाळाचा मध, कच्चं दूध, दुधीचा रस बंद. आयोडीनचं मीठ परत. गूळ-साखर दोन्ही मिळून सासूबाईंना दिवसाला एक चमचा, तोही सवय मोडेपर्यंतच. घाण्याचं तेल ठेवायचं असेल तर ठेवा, पण मोजून. सेंद्रियाचे वाचलेले पैसे डाळी, अंडी चालत असतील तर अंडी, दही, शेंगदाणे, दोन जास्तीची फळं यावर घाला. ज्वारी-बाजरीची भाकरी एका जेवणाला आणा. आणि तुम्ही लिहिलं नाही ते एकदा तपासा, संध्याकाळी चार ते सात या वेळात घरात काय खाल्लं जातं. माझ्या अनुभवात खारी, टोस्ट, फरसाण, ‘मल्टिग्रेन’ म्हणून आणलेली बिस्किटं इथेच सापडतात. तिथे फुटाणे, भाजलेले दाणे, ज्वारीच्या लाह्या, ताक ठेवून बघा. पोहे, लाह्या, ताक यांवरही प्रक्रिया झालेलीच असते, त्याला घाबरू नका. पुडा उलटून वाचा, स्वयंपाकघरात कधी न पाहिलेली सात-आठ नावं दिसली तर परत ठेवा. पुड्यावर मोठ्या अक्षरात ‘नॅचरल’ लिहिलं असलं तरीही.

दिरांना दुखवू नका. त्यांनी बाहेरचं बंद करून घरात शिजवायला लावलं असेल तर तेवढं त्यांचं बरोबरच आहे, ते मोकळेपणी सांगा. सासूबाईंसमोर मात्र एकदा वजनकाटा ठेवा आणि त्यांच्याच हाताने रोजच्या चहाचा गूळ काढायला सांगा. आठवडाभर त्यांनी दिवसभरात खाल्लेलं सगळं वहीत लिहा, रिपोर्टसोबत ती वही डॉक्टरांना दाखवा, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. आकडा काय आला ते जरूर कळवा.